टीव्ही बेडरूममध्ये पोचला, नेट मात्र बसलं

सेट-टॉप बॉक्स हॉलमध्ये आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल तर साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपुढे दगा देते. मग लोक एक्स्टेंडर आणतात. दोन छोटे डबे असतात. सेट-टॉप बॉक्सकडे ट्रान्समीटर, टीव्हीकडे रिसीव्हर, आणि मधे लॅनची केबल. हा डबा बसवल्यापासून घरातलं नेट बिघडलं, अशी पत्रं सारखी येत आहेत. त्यातली काही निवडून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत लॅन पॉइंट आहे. सगळ्या केबल हॉलमधल्या टीव्ही युनिटमागे येतात. तिथेच फायबरचा राउटर आणि आठ पोर्टचा साधा स्विच आहे. ‘१२० मीटर’ लिहिलेला एक्स्टेंडर आणला. ट्रान्समीटर स्विचला लावला, रिसीव्हर बेडरूमच्या पॉइंटला. चित्र लगेच आलं. पण सेट-टॉप बॉक्स चालू केला की सगळ्यांच्या मोबाइलचं वायफाय रडायला लागतं. बेडरूममधला टीव्ही बंद केला तरी फरक नाही. लॅपटॉप केबलने जोडला तर चांगला चालतो. नेटवाल्याने राउटर बदलून दिला, तरी तेच. (नाशिक)

उत्तर : राउटर बदलून काही होणार नव्हतं, कारण दोष त्याचा नाही. तुमचा एक्स्टेंडर ‘आयपी’ जातीचा आहे. स्विचमधून जाऊनही चित्र दिसलं, एवढ्यावरूनच ते पक्कं होतं. दुसऱ्या जातीचे डबे स्विचमधून चालतच नाहीत.

हा डबा चित्राची पॅकेट करून ती ‘मल्टिकास्ट’ पद्धतीने सोडतो. पॅकेटवर तुमच्या रिसीव्हरचा पत्ता नसतो. तिथे २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारा गटाचा पत्ता असतो. लेनकेंग कंपनीचं एलकेव्ही३७३ हे जुनं, बरंच खपलेलं मॉडेल २२६.२.२.२ या पत्त्यावर पाठवतं. हा गट कुठल्या पोर्टवर कुणाला हवा आहे, हे साध्या स्विचला कळत नाही. म्हणून वॉचमनने एकाचं पत्र सोसायटीतल्या सगळ्याच दारांत टाकावं तसा तो प्रत्येक पॅकेटची प्रत प्रत्येक पोर्टवर टाकतो. त्यातलं एक दार राउटरचं, आणि राउटरमागे वायफाय.

तारेवर हे खपून जातं. चित्र दाबून लहान करणारी एच.२६४ पद्धत वापरणाऱ्या डब्याचा ओघ साधारण १० ते २० एमबीपीएस असतो, आणि १,००० एमबीपीएसच्या पोर्टला तो जाणवतही नाही. म्हणून तुमचा लॅपटॉप मजेत आहे. वायफायचा नियम वेगळा. एरवी राउटर प्रत्येक मोबाइलशी त्या मोबाइलला झेपेल त्या वेगाने बोलतो आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. मल्टिकास्टला पोच नसते. ते सगळ्यात दूरच्या, सगळ्यात जुन्या उपकरणालाही ऐकू जावं म्हणून सगळ्यात कमी वेगाने जातं. २.४ गिगाहर्ट्झवर बहुतेक घरगुती राउटरमध्ये हा वेग १ एमबीपीएस असतो, ५ गिगाहर्ट्झवर ६. आता १५ एमबीपीएसचा ओघ १ किंवा ६ च्या वाटेवर कसा मावायचा? हवेतला सगळा वेळ तोच खातो आणि मोबाइलला बोलायला फट मिळत नाही. वायफायवर ते चित्र कुणी पाहत नसतं, हा यातला वैताग. टीव्ही बंद करूनही फरक पडत नाही, कारण सेट-टॉप बॉक्सकडून सिग्नल येतोय तोवर ट्रान्समीटर पाठवतच राहतो.

खात्री करून घ्या. लॅपटॉपची केबल काढून तो वायफायवर आणा. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पिंग’, पुढे राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि शेवटी ‘-टी’ टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत. पिंग बाहेरच्या साइटला नको, राउटरलाच करा, म्हणजे नेटवाल्याची लाइन या हिशेबातून बाहेर राहते. निरोगी घरात उत्तर २ ते १० मिलिसेकंदांत येतं. तुमच्याकडे शेकड्यांत येईल, मधेमधे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसेल. पिंग चालू ठेवून ट्रान्समीटरची लॅन केबल उपटा. काही सेकंदांत आकडे खाली आले तर निदान झालं. स्विचवरचे दिवेही बघा. मल्टिकास्टचा पूर आला की ज्या ज्या पोर्टला काही जोडलंय ते सगळे दिवे एका तालात, न थांबता लुकलुकतात.

तुमच्या घरी उपाय फुकटात होतो. बेडरूमकडे जाणारी केबल स्विचमधून काढा आणि थेट ट्रान्समीटरमध्ये लावा. आता व्हिडिओ स्विचला शिवतच नाही. एक पॉइंट खर्ची पडला, बाकी घर मोकळं. असे बहुतेक डबे एकास-एक जोडले तरी नीट चालतात. त्यांचे आयपी पत्ते आतच ठरलेले असतात, त्यांना राउटर लागत नाही.

बेडरूममध्ये त्याच केबलवरून नेटही हवं असेल तर दोन ‘स्मार्ट’ स्विच घ्या, ५ पोर्टचे, गिगाबिट, खोक्यावर ‘८०२.१क्यू व्हीलॅन’ लिहिलेलं असलेले. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विच-केबलवर एकमेकांत न मिसळणारी वेगळी नेटवर्कं. एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. दोन्हींत मांडणी सारखीच ठेवा: पोर्ट ५ ला भिंतीतली केबल, पोर्ट १ ला एक्स्टेंडरचा डबा, २ ते ४ नेटसाठी. हॉलमधल्या स्विचचं पोर्ट २ राउटरला जाईल. मग सेटिंगमध्ये नवा व्हीलॅन २० तयार करा. त्यात पोर्ट १ ‘अनटॅग्ड’ आणि पोर्ट ५ ‘टॅग्ड’ (पॅकेटवर व्हीलॅनचा आकडा लावून पाठवणारं) ठेवा. पोर्ट १ चा पीव्हीआयडी (आत येणारा ओघ कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचा तो आकडा) २० करा. त्यानंतर पोर्ट १ ला व्हीलॅन १ मधून काढून टाका. पोर्ट ५ व्हीलॅन १ मध्ये अनटॅग्डच राहू द्या.

इथे लोक दोन ठिकाणी अडकतात. पीव्हीआयडी बदलायचा राहून जातो. मग ट्रान्समीटरकडून आत येणारा ओघ व्हीलॅन १ मध्येच जातो, पूर तसाच राहतो आणि ‘व्हीलॅन करूनही काही फरक नाही’ असं वाटतं. दुसरं म्हणजे ‘सेव्ह’ दाबायचं राहतं. बऱ्याच स्विचमध्ये ‘अप्लाय’ आणि ‘सेव्ह’ ही वेगळी बटणं असतात. नुसतं अप्लाय केलं तर लाइट जाऊन आली की सगळं पुसलेलं.

आयजीएमपी स्नूपिंग हा तिसरा मार्ग. तो कागदावर सर्वांत सोपा दिसतो, घरात सर्वांत जास्त छळतो. यात स्विच कान देऊन ऐकतो की कोणत्या पोर्टवरच्या उपकरणाने गट मागितला आहे, आणि ओघ तेवढ्याच पोर्टला देतो. पण ‘अजून कुणाला हवंय का?’ असं ठरावीक वेळाने विचारणारा कुणीतरी, म्हणजे ‘क्वेरिअर’, नेटवर्कमध्ये लागतो. तो नसेल तर नेहमीच्या सेटिंगनुसार २६० सेकंदांनी स्विच रिसीव्हरचं नाव यादीतून काढतो. चित्र सव्वाचार मिनिटं झकास चालतं आणि मग काळं होतं. हे लक्षण दिसलं की टीव्हीला किंवा डब्याला दोष देऊ नका, स्विचमध्ये क्वेरिअर चालू करा. स्वस्त स्विचमध्ये स्नूपिंग असतं, क्वेरिअर नसतो. काही स्वस्त रिसीव्हर तर गटाची मागणीच नीट पाठवत नाहीत. त्यांच्यासमोर स्नूपिंग चालूच शकत नाही. म्हणून आमची पसंती थेट केबलला, नाहीतर व्हीलॅनला. राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये मल्टिकास्ट थांबवायची किंवा त्याचं युनिकास्ट (एकेका उपकरणाला वेगळं पाठवणं) करायची सोय असेल तर ती चालू करायला हरकत नाही, पण एवढ्यावर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : वरच्यासारखाच डबा समजून मी दुसऱ्या कंपनीचा घेतला. स्विचला लावला तर ‘नो सिग्नल’. थेट केबल लावली तर चित्र येतं. डबा खराब आहे का? (ठाणे)

उत्तर : डबा चांगला आहे, त्याची जात वेगळी आहे. लॅनचं जॅक दिसलं म्हणजे आत इथरनेटच वाहतं असं नाही. पॉइंट-टू-पॉइंट जातीचे डबे त्याच चार जोड्यांवरून आपल्या स्वतःच्या पद्धतीचा सिग्नल नेतात. एचडीबेसटी त्यातला प्रमाणित प्रकार. बाकी बरेच ज्याच्या त्याच्या पद्धतीचे. दोन-दोन लॅन केबल मागणारे डबे तर एचडीएमआयचाच सिग्नल जवळपास जसाच्या तसा पुढे ढकलतात.

ओळखायची युक्ती अशी: खोक्यावर ‘ओव्हर आयपी’ किंवा ‘एकास अनेक, स्विचमधून’ असं लिहिलं असेल तर आयपी जात. काहीच लिहिलं नसेल तर स्विचला लावून त्या पोर्टचा दिवा बघा. लागला तर आयपी, नाही लागला तर पॉइंट-टू-पॉइंट. पण लावण्याआधी एक बघा. जोडीत अडॅप्टर एकच असेल आणि दुसरा डबा केबलवरूनच वीज घेत असेल (खोक्यावर ‘पीओसी’ असतं), तर तो स्विचला किंवा राउटरला चुकूनही लावू नका. ८०२.३एएफ प्रमाणाची पीओई (लॅन केबलवरून वीज देण्याची पद्धत) समोर वीज घेणारं उपकरण आहे का हे आधी तपासते, मग व्होल्टेज सोडते. स्वस्त पीओसी डबा काही न विचारता सोडतो. राउटरचं पोर्ट जाऊ शकतं.

प्रश्न : आमच्याकडे पॉइंट-टू-पॉइंट एक्स्टेंडर आहे, त्याची केबल वेगळी आहे, राउटरशी त्याचा काही संबंध नाही. तरीही तो चालू केला की वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरचा लॅन १ गिगाबिटवरून १०० वर येतो, कधी तुटतो. दोन्ही केबल एकाच पाइपमधून गेल्या आहेत, लांबी ३० मीटरच्या आसपास. वायरमनने टेस्टर लावून ‘आठही तारा ओके’ सांगितलं. (कोल्हापूर)

उत्तर : हा मामला तारेचाच. एचडीबेसटी चार जोड्यांवर सेकंदाला ५० कोटी चिन्हं १६ पातळ्यांत पाठवतं. गिगाबिट इथरनेट १२.५ कोटी, ५ पातळ्यांत. म्हणजे शेजारच्या केबलमध्ये बराच वेगवान सिग्नल अखंड चालू आहे. केबलच्या जोड्यांना दिलेला पीळ बाहेरचा आवाज मारतो. तो पीळ जिथे बिघडलाय तिथे शेजारचा सिग्नल आत शिरतो. त्याला क्रॉसटॉक म्हणतात.

आधी एक भेद करा. एक्स्टेंडर बंद असतानाही लॅन १०० वरच राहतो का? राहत असेल तर एखादी जोडी तुटली आहे. १०० एमबीपीएसला पिन १-२ आणि ३-६ एवढ्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. आणि चालू केल्यावरच पडत असेल तर पुढचं वाचा.

वायरमनचा टेस्टर खोटं बोलत नाही, पण तो अर्धंच सांगतो. दिव्यांचा टेस्टर फक्त एवढं बघतो की या टोकाची तिसरी तार त्या टोकाला तिसरीच आहे. ती तिसरी तार सहाव्या तारेशी पिळलेली आहे का, हे त्याला कळत नाही. आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे रंग ओळीने लावणं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच लावलं तर आठही दिवे लागतात. पण पिन ३ आणि ६ ची जोडी वेगवेगळ्या पिळांतून आलेली असते आणि पीळ काढून टाकल्यासारखी उघडी पडते. पिन ४-५ चंही तेच. छोट्या अंतरावर हे चालूनही जातं. शेजारी एक्स्टेंडर आला की उघडं पडतं.

प्लग पारदर्शक असतो. क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर, आपल्यापासून दूर धरून डावीकडून वाचा. क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी५६८बी म्हणतात. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसली पाहिजे. ती तशी नसेल तर दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिम्प करा, एक्स्टेंडरच्या केबलचीही. पीळ प्लगजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका. वरचं आवरण प्लगच्या आत जाऊन खटक्याखाली दाबलं गेलं पाहिजे. बाहेर दोन-तीन सेंटिमीटर रंगीत तारा दिसत असतील तर ते क्रिम्पिंग नापास.

त्याने भागलं नाही तर केबलचं तांबं तपासा. बाजारात ‘कॅट ६’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, त्याला सीसीए म्हणतात. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं तर आत पांढुरकं दिसतं. भिंतीतल्या केबलसाठी मल्टिमीटर बरा. दोन्ही टोकं उपकरणांतून काढा. लांबच्या टोकाला नारिंगी जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा, अलीकडे त्याच दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या वायरींचा रोध आधी त्या एकमेकींना टेकवून मोजून घ्या आणि वजा करा. ३० मीटर लांबीला जाता-येता ६० मीटर तार होते. अख्ख्या तांब्याची २४ गेज तार असेल तर ५ ओहमच्या आसपास, २३ गेज असेल तर ४ च्या. आठ ओहमच्या घरात आकडा आला तर केबल सीसीए आहे, आणि तिच्यावर एचडीबेसटी किंवा गिगाबिट नीट चाललं तर ते नशीब.

राहिली पाइपची गोष्ट. शक्य असेल तर एक्स्टेंडरची केबल वेगळ्या पाइपने न्या. नसेल तर निदान दोन्ही केबल एकमेकींना जागोजागी टाय मारून आवळू नका. तीस मीटर समांतर आवळलेल्या केबल हीच क्रॉसटॉकला हवी असलेली परिस्थिती. लाइटच्या २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपमध्ये तर कुठलीच लॅन केबल नको. केबल बदलायचीच वेळ आली तर एक्स्टेंडरसाठी फॉइलची एफ/यूटीपी घ्या, पण प्लगही धातूच्या कवचाचे घ्या आणि फॉइलची तार त्या कवचाला टेकवा. फॉइलची केबल आणि प्लॅस्टिकचा प्लग ही जोडी म्हणजे पैसे वाया. फॉइल कुठेच जोडलं न गेल्याने ते आवाज अडवत नाही.

सुधारणा झाली की नाही हे ‘आता बरं वाटतंय’वर सोडू नका. विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट -ई’ चालवून ‘एरर्स’चा आकडा लिहून ठेवा, तासभर एक्स्टेंडर चालवा, पुन्हा बघा. स्मार्ट स्विच असेल तर त्याच्या पोर्टच्या पानावर ‘सीआरसी एरर’ (वाटेत बिघडलेली पॅकेट) जास्त नेमकेपणाने दिसतात. आकडा हलता कामा नये.

प्रश्न : वर-खाली दोन टीव्हींसाठी एकाच कंपनीच्या दोन जोड्या घेतल्या. दोन्ही चालू केल्या की चित्रांची खिचडी होते. (सातारा)

उत्तर : दोन्ही ट्रान्समीटर एकाच गटाच्या पत्त्यावर पाठवत आहेत, बहुधा दोघांचा आयपी पत्ताही एकच आहे. डब्याच्या तळाशी छोटे डिप स्विच किंवा ‘ग्रुप आयडी’ बदलायचं बटण आहे का बघा. एका जोडीचे दोन्ही डबे एका आकड्यावर, दुसऱ्या जोडीचे दुसऱ्या. तशी सोय नसेल तर दोन्ही जोड्या वेगळ्या केबलवर थेट लावा किंवा दोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका.

प्रश्न : खाली दुकान, वर घर. दुकानात आठ आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) एकाच स्विचवर आहेत. घरातल्या टीव्हीवर कॅमेरे दिसावेत म्हणून एनव्हीआरच्या एचडीएमआयला आयपी एक्स्टेंडर लावून तो त्याच स्विचला जोडला. आता रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे तुकडे गायब असतात. (बारामती)

उत्तर : एक्स्टेंडर आजच स्विचमधून काढा. टीव्हीवर चित्र न दिसणं परवडेल, रेकॉर्डिंगला भोक पडणं परवडत नाही.

घडतं ते असं. १०८०पी कॅमेरा एच.२६४ मध्ये साधारण ४ एमबीपीएस पाठवतो, आठांचे ३२. तुमच्या एनव्हीआरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तरी एवढ्याला ते पुरतं. पण चित्र कमी दाबणारी एमजेपीईजी वापरणारा जुन्या पद्धतीचा एक्स्टेंडर एकटाच १०० च्या जवळपास जातो, आणि त्याचा पूर स्विच एनव्हीआरच्या पोर्टलाही देतो. म्हणजे कॅमेऱ्यांचे ३२ आणि पुराचे शंभरेक एकाच दिशेने एकाच पोर्टमध्ये घुसू पाहतात. जे मावत नाही ते स्विच टाकून देतो. कॅमेरे स्वतः ठीक असतात, म्हणून त्यांचं लाइव्ह पान थेट उघडलं तर सगळं छान दिसतं आणि माणूस हार्ड डिस्कवर संशय घेतो.

खरं तर तुम्हाला एक्स्टेंडरची गरजच नाही. कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर आधीच आहे. ते एचडीएमआयमध्ये बदलून, पुन्हा पॅकेट करून त्याच नेटवर्कवर टाकायचं कशाला? घरातला टीव्ही अँड्रॉइड असेल तर एनव्हीआर कंपनीचं ॲप किंवा व्हीएलसी टाका आणि कॅमेऱ्याची आरटीएसपी लिंक (त्याच्या चालू चित्राचा नेटवर्कवरचा पत्ता) लावा (पोर्ट सहसा ५५४). आठही कॅमेरे एकदम बघायचे तर ‘सब-स्ट्रीम’ निवडा, ती बरीच हलकी असते. टीव्ही साधा असेल तर त्याच्या एचडीएमआयमध्ये एखादी अँड्रॉइड स्टिक. एनव्हीआरचीच स्क्रीन, तिच्या मेनूसकट, वर हवी असेल तरच एक्स्टेंडर ठेवा, आणि तो वेगळ्या केबलने थेट वर न्या.

प्रश्न : रिसीव्हर आणि राउटर टीव्हीमागे एकाच कप्प्यात आहेत. पॉइंट-टू-पॉइंट डबा आहे. टीव्ही चालू असताना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मरतं, ५ चं व्यवस्थित चालतं. (फोंडा, गोवा)

उत्तर : तुमच्याकडे पॅकेटचा पूर नाही, हवेतला आवाज आहे. एचडीएमआयच्या आतले घड्याळाचे ठोके आणि त्यांच्या पटी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास जाऊन पडतात. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर २०१९ मध्ये आला तेव्हा २५६०×१४४० च्या स्क्रीनवर त्याचं वायफाय बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्या रिझोल्यूशनचं घड्याळ २४१.५ मेगाहर्ट्झ, त्याची दहापट २,४१५. वायफायच्या चॅनेल १ चा मध्य २,४१२.

राउटर कप्प्यातून बाहेर काढा आणि टीव्ही-रिसीव्हरपासून किमान दीड मीटर लांब ठेवा, बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. मग चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६, ११ असे एकेक करून बघा. रिसीव्हर ते टीव्ही ही छोटी एचडीएमआय केबल बदला. डब्याबरोबर फुकट आलेल्या केबलचं कवच बरेचदा नावालाच असतं. टीव्हीला किंवा राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर तीही काढून पाहा. यूएसबी ३ चा आवाजही २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो, इंटेलने २०१२ मध्येच तो मोजून प्रसिद्ध केला होता. हार्ड डिस्क काढल्यावर सुधारलं तर एक्स्टेंडर निर्दोष.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहतो. भाड्याचं घर असल्याने भिंतीला भोक पाडता येत नाही, म्हणून विजेच्या सॉकेटमधून एचडीएमआय नेणारा पॉवरलाइन एक्स्टेंडर घेतला. ब्रॉडबँड तांब्याच्या फोन लाइनवर आहे. आठवड्याभरात स्पीड निम्म्यावर आला आणि आता डबा बंद ठेवूनही परत चढत नाही. (स्लाउ)

उत्तर : पॉवरलाइनचे डबे घरातल्या वायरिंगवर साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ वापरतात, नव्या पिढीचे त्याहून वर जातात. तुमच्याकडचं ब्रॉडबँड, म्हणजे बहुधा व्हीडीएसएल२ (१७ए प्रकार), फोनच्या तारेवर १७.६६४ मेगाहर्ट्झपर्यंत चालतं. दोघांचे पट्टे एकमेकांवर पडतात. विजेच्या वायरीला पीळ नसतो, त्यामुळे ती अँटेनासारखी सिग्नल फेकते आणि फोनची तार तो उचलते.

डबा बंद करूनही स्पीड न चढण्याचं कारण वेगळं आहे. ओपनरीच या तिथल्या फोन लाइनी सांभाळणाऱ्या कंपनीच्या लाइनवर डीएलएम नावाची व्यवस्था चुका मोजत असते. चुका वाढल्या की ती वेग कमी करून लाइन स्थिर करते, आणि लाइन काही दिवस स्वच्छ राहिली तरच हळूहळू सोडते. या काळात मोडेम सारखा बंद-चालू करू नका. लाइन तुटतेय असं समजून ती वेग आणखी आवळू शकते.

पॉवरलाइनचे दोन्ही डबे सॉकेटमधून उपटून ठेवा, नुसते स्टँडबायवर नकोत. मोडेमच्या पानावर ‘एरर्ड सेकंड्स’ (चुका झालेले सेकंद) आणि ‘एसएनआर मार्जिन’ (आवाजावर सिग्नलची शिल्लक आघाडी) रोज एकाच वेळी टिपा. एरर्ड सेकंड्स थांबले की निदान पक्कं. मोडेम मुख्य सॉकेटलाच लावा, मधे लांब चपटी फोन वायर नको, पीळ दिलेली छोटी वायर घ्या. डबे उपटूनही चुका येत राहिल्या तर भिंतीपलीकडच्या घरात पॉवरलाइन आहे का, हे शेजाऱ्यांना विचारा. जोडून असलेल्या घरांत तिकडचा सिग्नल इकडे येतो.

टीव्हीसाठी चपटी कॅट ६ केबल स्कर्टिंगच्या कडेने, दारापाशी कार्पेटखालून न्या आणि पॉइंट-टू-पॉइंट डबा लावा. मात्र खोक्यावरचं अंतर गोल, पूर्ण जाडीच्या केबलसाठी दिलेलं असतं. चपट्या केबलच्या तारा बहुधा ३० किंवा ३२ गेजच्या असतात, म्हणून छापलेल्या अंतराच्या निम्म्यापुढे जाऊ नका. घर सोडताना केबल गुंडाळून बरोबर नेता येते.